काविळीची माळ घाला, पण आधी रक्त तपासा

पावसाळा लागला की आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विचारणा हमखास येते, "काविळीची माळ कोण देतं?" कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घालतात ती झाडपाल्याच्या काड्यांची माळ. लगेच दोन-चार पत्ते येतात. विचारणारे शिकलेले, नोकरदार, फ्लॅटमध्ये राहणारे. त्यांना अडाणी म्हणून हिणवलं की मला राग येतो.

माळ देणारी मावशी आजाऱ्याला जवळ बसवते, विचारपूस करते, तेल-तूप अन् दारू बंद करायला लावते, निजून राहायला सांगते. आपल्या दवाखान्यात एवढा वेळ कोण देतं? आणि तिच्याकडे गेलेला माणूस बहुतेक वेळा बरा होतोच. दूषित पाण्यातून येणारी 'ए' आणि 'ई' ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. श्रेय माळेला जातं. माळ रोज लांबते तशी कावीळ उतरते असं सांगतात, पण ती लांबते कारण ओल्या काड्या सुकून आकसतात आणि गाठी सैल पडतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर 'उतरणारी' कावीळही तशीच. आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असला, की धडधाकट माणसाच्या हातानंही पाणी पिवळं होतं.

माळेनं कुणी मरत नाही. माणूस मरतो तो वाट बघण्यात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर तो माळेनं निघत नाही. 'बी' कावीळ वर्षानुवर्षं आत राहून लिव्हर खराब करू शकते. दिवस भरत आलेल्या बाईला 'ई' कावीळ झाली तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. अशा लेकीला माळ घालून घरी ठेवणं मला सहनच होत नाही. आणि नाकात देवडांगरी या कडू रानफळाचा रस सोडतात, तो तर कुणीच घेऊ नये. आतली त्वचा सोलवटते, वाहतं ते नाकातलं पाणी. कावीळ जिथल्या तिथेच.

मूळ दुखणं नळाला आहे. जायकवाडीसारखं धरण उशाला असून आमच्याकडे पाणी कित्येक दिवसांआड येतं. मधल्या काळात रिकाम्या पाइपात फुटक्या जागेतून ड्रेनेजचं पाणी शिरतं आणि पुढच्या पाळीला तेच आपल्या हंड्यात येतं.

म्हणून विनंती आहे. ग्रुपवर माळेचा पत्ता टाकाल तेव्हा त्याच मेसेजमध्ये रक्त कुठे तपासून मिळेल तेही टाका. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, होतं. आणि गल्लीत दोन-तीन घरांत कावीळ दिसली की सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसला जा, पाण्याचा नमुना घ्यायला लावा.