फटाक्याच्या खोक्यावरचा आकडा आधी वाचा

दिवाळी महिन्यावर आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फटाक्यांचा वाद सुरू होतो आणि दर वेळी मला त्यात ओढलं जातं, कारण मी नागपूरची, पण राहते जर्मनीत. यंदा सुरुवात नागपूरच्या काकांनी केली. "आमच्याच सणावर सगळ्यांचा डोळा. तिकडे जर्मनीत ३१ डिसेंबरला रात्रभर उडवतात, तेव्हा कुठे जातं प्रदूषण? विचारा आपल्या पोरीला." पुण्याच्या मामेबहिणीनं लगेच लिहिलं, "युरोपात बंदी येतेय. नेदरलँड्सनं २०२५ मध्ये कायदा मंजूर केलाय. आपण कधी सुधारणार?" दोघांनाही मी साक्षीदार म्हणून हवी होते, प्रत्येकाला आपल्या बाजूची.

मला या भांडणाचा मनापासून वैताग आला आहे. वाजवायचे की नाही, एवढ्यावरच सगळे हमरीतुमरीवर येतात. पोराच्या हातात दिलेला फटाका कुणी तपासला, त्याची वात पेटल्यावर पळायला वेळ मिळतो का, किती अंतरावर तो किती आवाज करतो, हे विचारणारा एकही माणूस मला त्या ग्रुपवर भेटलेला नाही. शिकलेली माणसं आहेत. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतात, दुधाच्या पिशवीवरची बघतात. फटाक्याचं खोकं मात्र चित्र बघून घेतात.

काकांचं म्हणणं खोटं नाही. सिल्व्हेस्टरला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री, इथे जे चालतं ते पाहिलं की आपली लक्ष्मीपूजनाची रात्र शांत वाटावी. जर्मन पर्यावरण खात्याच्या हिशेबानं फटाक्यांतून वर्षाला सुमारे २,०५० टन सूक्ष्म धूळ हवेत जाते आणि त्यातली तीन चतुर्थांश त्या एका रात्रीची असते. २०२५ साल उजाडताना देशभरात पाच जण मेले. त्या रात्रीच्या अपघातांत सामान्य ग्राहकाला विकायला मनाई असलेले, आकाशात फुटणारे मोठे गोळे होते, घरी बनवलेला मालही होता. त्यानंतर बर्लिनच्या पोलीस संघटनेच्या बंदीच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. म्हणजे मामेबहिणीला वाटतं तसं इथे सगळं ठरून गेलेलं नाही. इथेही भांडण आहे. फरक एवढाच की इथल्या भांडणात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: दुकानात मिळणारा फटाका तपासलेला असतो, आणि तो कोणत्या वर्गातला आहे ते खोक्यावर छापलेलं असतं.

ते छापलेलं काय असतं, हे मला नीट सांगायचं आहे, कारण ग्रुपवर सांगायला गेलं की दुसऱ्या ओळीलाच कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं.

खोक्यावर 'सीई' ही अक्षरं, म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसतो ही खूण, आणि त्यांच्याजवळ एक क्रमांक असतो. समजा, सुरुवातीला ०५८९ आहे, मग 'एफ२', मग आणखी काही आकडे. ०५८९ म्हणजे बर्लिनची 'बाम', पदार्थांची चाचणी करणारी सरकारी संस्था. स्पेनची, हंगेरीची अशा दुसऱ्या संस्थाही आहेत, त्यांचे क्रमांक वेगळे. 'एफ२' हा वर्ग. एफ१ म्हणजे फुलबाजीसारखं किरकोळ, बारा वर्षांच्या मुलाला वर्षभर मिळतं, अंतर किमान १ मीटर. एफ२ म्हणजे आपले भुईनळे, रॉकेट, छोटे बॉम्ब. अंतर किमान ८ मीटर, जर्मनीत वय १८ पूर्ण हवं, आणि विक्री वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांतच. एफ३ साठी परवाना लागतो, अंतर १५ मीटर. एफ४ फक्त प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांसाठी. पहिल्या तिन्ही वर्गांना आवाजाची मर्यादा एकच आहे, १२० डेसिबल, पण ती त्या त्या वर्गाच्या सुरक्षित अंतरावर मोजायची.

हा वर्ग फटाका बनवणारा स्वतःच्या मनानं लावत नाही. नमुना संस्थेकडे जातो. तिथे तो ५० अंशांत चार आठवडे किंवा ७५ अंशांत दोन दिवस ठेवतात, कारण गोदामात, ट्रकमध्ये, कंटेनरमध्ये तो तापणारच असतो. यंत्रावर हादरे देतात. हे सगळं सोसल्यावरही दारू सांडता कामा नये, वात सुटता कामा नये, आणि पेटवल्यावर तो कलंडता कामा नये. वात फार लवकर जळली तरी नापास, फार रेंगाळली तरी नापास, कारण रेंगाळलेल्या फटाक्याकडे माणूस वाकून बघायला जातो. आपल्याकडे ज्यांची बोटं गेली, डोळे गेले, त्यातले किती जण असेच वाकले असतील याचा विचार केला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या वाड्यात एका मुलाचं असंच झालं होतं. भुईनळा पेटला नाही म्हणून तो काडी घेऊन परत गेला. मोठी माणसं म्हणाली, नशीब. ते नशीब नव्हतं, ती वात होती. तिला कुणी घड्याळ लावलं नव्हतं.

एका नमुन्यावर सगळं संपतही नाही. कारखान्यातून पुढे निघणारा माल त्या नमुन्यासारखाच आहे ना, याचीही बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी लागते. फटाक्यांचा बराचसा माल चीनमधून येतो, पण तो कुठून आला यानं चाचणी सैल होत नाही.

आता आपल्याकडचं. ग्रुपवरच्या दोन्ही पक्षांना याची कल्पना दिसत नाही, पण आपल्याकडे नियम नाहीत असं अजिबात नाही. १९९९ पासून नियम आहे की फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही, वाजवायचा नाही. दोन्हीकडे मोजण्याची पद्धत एकाच जातीची आहे, क्षणिक आवाज पकडणारी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे आपला १२५ वाला फटाका ८ मीटरवर ११९ भरतो. कागदावर आपला नियम युरोपच्या बरोबरीचा आहे, किंबहुना एका डेसिबलनं कडक. माळेसाठी तर आणखी बारीक विचार केलेला आहे: जितके फटाके जास्त तितकी प्रत्येकाची मर्यादा खाली, हजाराच्या माळेत ती १५ डेसिबलनं उतरते. ज्यानं हे सूत्र लिहिलं त्याला विषय कळत होता. चाचणी कशी घ्यायची तेही लिहिलेलं आहे: खाली किमान ५ मीटर व्यासाचं काँक्रीट, आणि १५ मीटरपर्यंत आवाज परतवणारी भिंत नको. नागपूरच्या महालातल्या किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कोणत्या गल्लीत १५ मीटरच्या आत भिंत नाही? तिथे वाजणारा फटाका चाचणीतल्यापेक्षा मोठाच ऐकू येणार, आणि म्हणूनच तो मुळात पास झालेला असणं जास्त गरजेचं.

हे सगळं जिथून चालतं ते माझं गाव आहे. स्फोटकांचं नियंत्रण करणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात, सेमिनरी हिल्सला. हरित फटाक्यांची सूत्रं तयार करणारी 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपुरातच. स्वास, स्टार आणि सफल ही त्या सूत्रांची नावं. जुन्या फटाक्यांपेक्षा निदान ३० टक्के कमी धूळ, ही त्यांची कसोटी. इथे मला अभिमानानं एक गोष्ट सांगायची आहे. बर्लिनचं प्रमाणपत्र हात आणि कान वाचवतं, पण फटाक्यातून धूळ किती निघते यावर त्याचा वर्ग ठरत नाही. धुराचा प्रश्न खोक्यापर्यंत आणला तो नागपूरनं. ऑफिसात कुणी दिल्लीच्या धुरक्यावरून तोंड वाकडं केलं की मी हे ऐकवते, आणि १ जानेवारीच्या सकाळचे आकडेही ऐकवते.

मग घोडं पेंड कुठे खातं? दुकानात. मागे एका दिवाळीला घरी होते तेव्हा भाच्यांसाठी फटाके घ्यायला गेले. खोक्यावर हिरवा शिक्का होता, शेजारी क्यूआर कोड होता. फोननं स्कॅन केला तर काहीच उघडेना. दुसरं खोकं घेतलं, त्याचंही तेच. दुकानदार म्हणाला, "ताई, वाजवाचे हायेत का वाचाचे?" मागे रांगेतली माणसं हसली. त्या माणसांचं वाईट वाटलं. त्यांच्याच पोरांसाठी विचारत होते मी.

फटाक्यांतल्या बेरियम या घातक रसायनावर २०१८ पासून बंदी आहे, तरी ते वापरल्याबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उत्पादकांना फटकारावं लागलं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयानं, आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, दिल्लीत दिवाळीपुरती हरित फटाक्यांना परवानगी दिली, त्यातही क्यूआर कोडची अट होती. अट चांगली आहे. पण ज्याच्यासाठी ती आहे तो माणूस फोन खिशातून काढत नसेल तर अट न्यायालयाच्या कागदावरच राहते. मुंबईत दिवाळीआधी प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि गोंगाटाविरुद्ध काम करणारं आवाज फाउंडेशन चेंबूरच्या आरसीएफ मैदानावर फटाके वाजवून आवाज मोजत आले आहेत. वर्तमानपत्रात एक बातमी येते आणि विसरली जाते. मला त्या मोजलेल्या आकड्यांची यादी प्रत्येक दुकानाच्या दारावर मराठीत लावलेली हवी आहे, उत्पादकाच्या नावासकट, धनत्रयोदशीच्या आधी.

हे लिहिलं की ग्रुपवर ठरलेलं उत्तर येतं: "बाहेर बसून बोलणं सोपं असतं." आईसुद्धा फोनवर हळूच म्हणते, कशाला पडतेस मध्ये. त्यांना वाटतं मी तिकडची होऊन बोलतेय.

पण काकांच्या ज्या वाक्यानं माझं डोकं उठतं, "आमच्याच सणावर का", ते वाक्य मी इथे दर दिवाळीला मनात म्हणते. इथे एफ२ फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवता येतो. एरवी ओर्डनुंग्सआम्टची, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या सुव्यवस्था खात्याची, खास परवानगी लागते. आमच्या इथल्या मराठी मंडळानं एकदा दिवाळीसाठी तशी मागितली होती. लग्नासाठी मिळते, गावच्या उत्सवासाठी मिळते. आम्हाला नकार आला, कारण नीटसं सांगितलं नाही. त्या दिवाळीला आम्ही भाड्याच्या हॉलच्या पार्किंगमध्ये पोरांच्या हातात एफ१ च्या फुलबाज्या दिल्या. हॉलचा केअरटेकर सात वाजल्यापासून दारात उभा. माझ्या लहानपणी नरकचतुर्दशीला अंगाला उटणं, पायाखाली कारीट आणि उजाडायच्या आत पहिला फटाका, गल्लीत आपला पहिला वाजला पाहिजे म्हणून जीव टाकायचा. सहाच्या आधी वाजवायचा नाही हा नियम मला आज पटतो. पण दोन महिन्यांनी सिल्व्हेस्टरला शेजारी मध्यरात्री आमच्या दारासमोर बाटलीतून रॉकेटं सोडतात, मला हातात ग्लास देतात, आणि त्या आनंदात मी मनापासून सामील होऊ शकत नाही. तो दिवस कायद्यानं सगळ्यांचा आहे. माझा दिवस कुणाच्याच कॅलेंडरात नाही. नागपुरात मी जर्मनीची बाजू घेणारी, इथे नागपूरची. काकांचा राग मला आतून कळतो. त्यांच्याशी भांडायला तोच पुरेसा आहे, कारण त्या रागापायी ते पोरांच्या हातात न तपासलेलं खोकं देतात आणि त्याला संस्कृती म्हणतात.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं. काका, वाजवा, पण घेताना कोड उघडतो का बघा, डेसिबलचा आकडा छापलाय का बघा, नसेल तर खोकं परत करा आणि पावती मागा. आणि ताई, तुला बंदी हवी तर जरूर माग, पण बंदी आली की तपासलेला माल आधी बाजारातून जातो आणि न तपासलेला मागच्या दारानं येतो. मनाई असलेला माल बर्लिनमध्ये कसा येतो ते मी पाहते आहे.

इथे मंडळानं यंदा पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी त्याला प्रत्येक भुईनळ्याचा क्रमांक आणि वर्ग जोडला, वारा जोरात असेल तर कार्यक्रम थांबवू असं लिहून दिलं, आणि मैदानाचा नकाशा दिला, प्रत्येक ठिकाणाभोवती ८ मीटरचं वर्तुळ आखून. नकाशा मी काढला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. नकार आला तर या वेळी कारण लेखी मागणार आहोत.