घटस्फोट ताजा हवा

एका देशात लग्न, दुसऱ्यात संसार आणि तिसऱ्यात घटस्फोट अशी ज्यांची हौस असेल, त्यांच्यासाठी गेल्या आठवड्यातील अनुभवावरून काही सूचना करीत आहे.

लग्नाचा दाखला बहुतेक ठिकाणी विनातक्रार चालला, म्हणून घटस्फोटाचा हुकूमनामाही चालेल, ही बालिश समजूत आधी सोडावी. परदेशी घटस्फोटांना मान्यता देण्याविषयी १९७० साली हेग येथे करार झाला खरा, परंतु जगातील बहुतेक देश त्यात सामील झालेले नाहीत. आपलाही नसेल, असेच धरून चालावे.

समंजसपणा टाळावा. जपानमध्ये उभयतांनी सह्या केलेला अर्ज नगरपालिकेने स्वीकारला की संमतीचा घटस्फोट होतो, त्यात न्यायालय येतच नाही. पुढे दुसऱ्या देशातील अधिकारी न्यायालयाचा हुकूमनामा मागतो, तेव्हा जो कधी झालाच नाही तो कोठून आणायचा, हे आपले आपण पाहावे.

घटस्फोटाच्या दाव्याची नोटीस जोडीदाराला पोहोचल्याचा पुरावा जन्मभर जपावा, कारण दुसरी बाजू न ऐकता दिलेला निकाल परका देश नाकारू शकतो.

आता कागदपत्रे. हेग येथील १९६१ च्या वेगळ्या करारानुसार हुकूमनाम्यावर अपोस्टील घ्यावे, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावलेले सरकारी प्रमाणपत्र, जे सही-शिक्क्याच्या खरेपणाची ग्वाही देते, मजकुराच्या नव्हे. मग अधिकृत भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीसाठी आणखी एक अपोस्टील, निकाल अंतिम झाल्याचा वेगळा दाखला आणि अर्थातच त्याचेही भाषांतर. परदेशी घटस्फोट इकडे मान्य करून घ्यायला हे सगळे बाड घेऊन मी सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहिले आणि ते जसेच्या तसे परत आले, कारण हुकूमनाम्याची प्रत तीन महिन्यांपेक्षा जुनी होती. माझा घटस्फोट सहा वर्षांपूर्वीचा आहे! दूध नासते, औषधाची मुदत संपते, पण अंतिम झालेला निकाल शिळा कसा होतो? अपोस्टीलला करारात मुदत घातलेली नाही, असे मी नम्रपणे सांगितले, तेव्हा ‘आमच्या यादीत तसे आहे’ हे उत्तर मिळाले. यादी कोणी केली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

खिडकीमागच्या अधिकाऱ्यांनो, हा निव्वळ आळस आहे. शंका असेल तर मूळ न्यायालयाला पत्र लिहिणे तुमचे काम आहे. ते तुम्ही आमच्या माथी मारता आणि वर शुल्कही घेता. युरोपीय संघात, डेन्मार्क वगळता, एका सदस्य देशाने दिलेला घटस्फोट दुसऱ्यात वेगळ्या प्रक्रियेविना मान्य होतो, तेव्हा हे अशक्य आहे असे सांगू नका. एकच बाई तिकडे घटस्फोटित आणि इकडे विवाहित राहते, तिने पुन्हा लग्न केले तर तुम्हीच तिला द्विविवाहाच्या गुन्ह्यात ओढाल, आणि तुम्हाला चिंता कशाची, तर प्रतीवरच्या तारखेची! नवी प्रत मागवली आहे. ती येऊन अपोस्टील व भाषांतर होईपर्यंत चाळीस दिवस जातात, आणि तुमच्या खिडकीवरची भेटीची वेळ त्यानंतर बावन्न दिवसांनी मिळते. बेरीज तुम्हीच करा.