हॉस्पिटल टाकताय? मग आधी पोझिशनिंग करा

नांदेड, लातूर, परभणी, कुठंही हॉस्पिटल टाकायचं ठरवलं असेल तर मशीन, नर्स, लिफ्ट हे सावकाश बघा, आधी नाव. नुसतं ‘हॉस्पिटल’ नको, मल्टिस्पेशालिटी म्हणा, आणि शेजारच्यानं तेच लावलं असेल (लावलेलंच असतं) तर मागं ‘अँड रिसर्च सेंटर’ जोडा. रिसर्च कशावर चाललाय हे कोणी विचारत नाही, नातेवाईक तेव्हा डिपॉझिट कुठून आणायचं ह्याच्या रिसर्चमध्ये असतो.

आता जाहिरात. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमावलीत जाहिरातीला बंदी आहे, पण दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला एवढं पेपरात देता येतं, आणि गंमत म्हणजे आपले दर जाहीर करायलाही परवानगी आहे. म्हणजे जे छापायला मोकळीक आहे नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं फ्लेक्सवर घ्या. राज्यात 2021 पासून दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं, तर लावा की, जिन्याखाली रिकामे सिलेंडर ठेवता तो भागसुद्धा वॉचमनला दर्शनीच असतो.

पण राव, फ्लेक्स बघून पेशंट येत नाही. पेशंट येतो आणणाऱ्यासोबत, म्हणून तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे खेड्यातला आरएमपी (म्हणजे गावातला छोटा डॉक्टर) आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. एक पीआरओ ठेवा, त्याला बुलेट द्या, त्यानं गावोगावी हिंडून दिवाळीला मिठाई अन् महिन्याला पाकीट पोचवायचं. कट म्हणायचं नाही, ‘रेफरल सपोर्ट’ म्हणायचं. कमिशनला त्याच नियमावलीत बंदी आहे, पण ड्रायव्हर काय नियमावली वाचून गाडी चालवतो का? त्याचं पाकीट पेशंट स्ट्रेचरवर यायच्या आधी गेटवर तयार पाहिजे, नाहीतर पुढच्या खेपेला तो पन्नास पावलं पुढं जाऊन ब्रेक मारतो.

महात्मा फुले योजनेचा बोर्ड असेल तर चांगला मोठा लावा, 5 लाखांपर्यंत मोफत वाचूनच माणूस आत येतो. आत आला की काउंटरवरच्या पोरानं मायेनं सांगायचं, ‘मामा, योजनेचे बेड फुल हायेत, कॅश असंल तर आत्ता घेतो.’

मोफत शिबिराची तारीख मात्र पंचांग बघून नाही, मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बघून काढायची. सोयाबीन विकलं की आठ दिवसात मांडव टाका. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं शिबिर त्याआधी घ्या, मुकादमाची उचल तेव्हा घरात आलेली असते, आणि फडावर एक खाडासुद्धा परवडत नसल्यानं ‘पिशवीच काढून टाकू, कटकट नको’ म्हटलं की बाई फार प्रश्न विचारत नाही. 2019 मध्ये बीडच्या असल्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशनांवरून सरकारनं चौकशी समिती नेमली होती, तेव्हा सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलला लावलेला बरा. आणि मांडवावर ‘महिला आरोग्य अभियान’ ठळक अक्षरात, गुलाबी रंगात.