बायकांना सातच का?

काल ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं की पुरुषांच्या डेकॅथलॉनला दहा इव्हेंट आणि बायकांच्या हेप्टॅथलॉनला सातच, असं का? लगेच एका काकांचं उत्तर, "झेपत नाही हो त्यांना". त्यावर चार अंगठे पण पडले. तिथे तोंडी लागले नाही, उद्या त्याच काकांकडून रजा मंजूर करून घ्यायचीय. म्हणून इथे लिहितेय, जरा लांबेल. (दोन्हींत एकाच खेळाडूने दोन दिवसांत धावणं, उड्या, फेक असं सगळं करायचं, प्रत्येक इव्हेंटचे गुण मिळतात, बेरीज जास्त तो जिंकतो.)

मी स्वतः कॉलेजात दोन वर्षं हेप्टॅथलॉन केलंय. फार दिवे लावले नाहीत, पण शेवटपर्यंत पोचायचे. पहिल्या दिवशी १०० मीटर हर्डल्स, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि पोटऱ्यांत पार गोळे आलेले असताना सगळ्यात शेवटी ८०० मीटर. त्याच्या आधी आमचे सर वहीच्या मागच्या पानावर पॉइंट्सचा हिशोब मांडायचे आणि म्हणायचे, "तिच्या आधी तीन सेकंद ये, बास." तीन सेकंद म्हणे! मी तोंडात संत्र्याची फोड धरून बसलेली असायचे, ती चावायचं पण जिवावर यायचं.

त्याच मैदानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली बांबू उडीची, म्हणजे डेकॅथलॉनमधल्या पोल व्हॉल्टची, गादी होती. एकदा म्हणलं सर मला करून बघायचंय. "ते मुलांचं आहे." संपला विषय. नंतर २००० साली सिडनीला बायकांचा पोल व्हॉल्ट ऑलिंपिकमध्ये आला, तोवर माझे स्पाइक्स माळ्यावर गेले होते.

आता "झेपत नाही" चा इतिहास बघा. १९२८ ला ॲमस्टरडॅमला बायका पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावल्या, पेपरवाल्यांनी बायका कोसळल्या म्हणून रंगवून रंगवून छापलं आणि ती शर्यत जी बंद झाली ती थेट १९६० ला परत आली. शर्यत संपल्यावर पुरुषही ट्रॅकवर आडवे होतातच की, त्याला आपण जिद्द म्हणतो. पुरुषांचं डेकॅथलॉन ऑलिंपिकमध्ये १९१२ पासून आहे, बायकांना १९६४ ला पाच इव्हेंटचं पेंटॅथलॉन मिळालं आणि १९८४ ला सातचं हेप्टॅथलॉन. म्हणजे पाचवरून सातवर यायला वीस वर्षं, आणि सातवर येऊन चाळीसच्या वर झाली तरी गाडी तिथेच!

बरं, डेकॅथलॉनमधले दहाच्या दहा प्रकार बायका आज ऑलिंपिकमध्ये वेगवेगळे करतातच (हर्डल्स तेवढी ११० ऐवजी १०० मीटरची). थाळीफेक तर १९२८ पासून, १५०० मीटर १९७२ पासून. नुसतं एका बाईने दोन दिवसांत सगळं करायचं म्हणलं की अडतं. तेही करून झालंय. लिथुएनियाची ऑस्ट्रा स्कुयिते, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची हेप्टॅथलॉन सिल्व्हरवाली, तिने २००५ ला अमेरिकेत डेकॅथलॉन पूर्ण करून ८३५८ गुण काढले आणि तो रीतसर वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून नोंदलाय. रेकॉर्ड आहे, गुणांचं टेबल आहे, फक्त ऑलिंपिकमध्ये जागा नाही.

आणि अजून एक गंमत जी बऱ्याच जणांना माहीतच नसते, पुरुषांचं पण हेप्टॅथलॉन असतं! इनडोअर स्पर्धेत पुरुषांना सात, मग बायकांना किती? पाच. म्हणजे सात झेपतात हे बाहेर उन्हात मान्य, छताखाली आलं की परत नाही. काका, याचं उत्तर द्या.

पण एक आहे, "हेप्टॅथलॉन बंद करा, डेकॅथलॉन आणा" असं कुणी म्हणलं तर मी त्याला पण विरोध करेन. अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सीचे हेप्टॅथलॉनमधले १९८८ चे ७२९१ गुण अजून कुणाला मोडता आलेले नाहीत, तो काय कमी दर्जाचा खेळ आहे का? आपल्या स्वप्ना बर्मनने २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये दात ठणकत असताना गालाला पट्टी चिकटवून ६०२६ गुणांनी गोल्ड आणलं, दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, मापाचे बूट मिळायची मारामार, वडील रिक्षा ओढायचे. पुढच्या एशियाडला नंदिनी अगसराने ब्राँझ घेतलं, स्वप्ना चौथी, फरक चार गुणांचा. चार गुण म्हणजे लांब उडीत सेंटिमीटरपेक्षा जरासं जास्त. या पोरींनी अख्खं शरीर या सात प्रकारांसाठी घडवलंय, त्यांना उद्यापासून पोल घ्या हातात म्हणायचं का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, दोन्ही ठेवा. ज्युनियरपासून डेकॅथलॉन सुरू करा आणि पोरींना ठरवू द्या. "करणाऱ्या आहेतच कुठे" हे सांगू नका. बायकांची स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) २००८ ला ऑलिंपिकमध्ये आली आणि आठ वर्षांनी आपल्या माणदेशातली ललिता बाबर रिओच्या फायनलमध्ये दहावी आली. शर्यतच नसती तर ती कुठे पळाली असती?

मला खरी भीती वेगळीच वाटते. इव्हेंट आला तरी तालुक्याच्या पोरीला पोल कोण देणार आणि पडायला गादी कुठाय? परवा त्या जुन्या मैदानावर चक्कर मारली. गादी आहे अजून, कोपऱ्यातून स्पंज बाहेर आलाय. आता मुलं पण करत नाहीत म्हणे. दुपारी वॉचमनकाका झोपतात तिच्यावर.