सोलापूरच्या उन्हात क्लोज-अप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माळरानावरच्या कीटकांचे क्लोज-अप शक्यतो फ्लॅशशिवाय काढा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: सोलापूरचं ऊन इतकं कडक, की फोटोत पंखावरचा पांढरा भाग जळतो, म्हणजे बारकावे जाऊन कोरा पडतो, आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. क्लोज-अपला फोकसची खोली मिळायला एफ/१६, म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र, लागतंच, आणि तेवढा प्रकाश फ्लॅशच देतो. म्हणून नैसर्गिक प्रकाशाचा आग्रह हा निव्वळ हट्ट.

आधी हिशेबाचं बघू. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर साधारण १/१०० सेकंद येतो. किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा घेतला की दोन स्टॉप प्रकाश घटतो (दर स्टॉपला निम्मा), म्हणजे लेन्सवर ठेवलेलं एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. तरीही आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद मिळतो. ऊन मऊ करायला मध्ये धरलेल्या डिफ्युझरने (पातळ कागद वगैरे) एक स्टॉप खाल्ला तर आयएसओ ८०० करा, हल्लीच्या कॅमेऱ्यांना ते जड नाही. उलट तुमचं एफ/१६ तिथे एफ/३२ होतं आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) पंखावरचे खवले विरघळायला लागतात. फोकसची खोली हवी म्हणून ज्या बारकाव्यासाठी इतकं जवळ गेलो तोच घालवायचा, हे मला पटत नाही. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराला सेन्सर समांतर ठेवला की एफ/८ पुरतं. रुईवर येणारं प्लेन टायगर फुलपाखरू तर फुल फ्रेममध्ये (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात) खऱ्याच्या अर्ध्या आकाराच्या आतच मावतं, तिथे तूट आणखी कमी.

आता कडकपणाबद्दल. दुपारच्या उन्हाचं तुमचं वर्णन अगदी बरोबर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर इथे शून्य सावली असते, सूर्य बरोबर डोक्यावर. पण सावलीची कड धारदार होते ती उन्हाच्या जोरामुळे नव्हे. सूर्यबिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं, आणि प्रकाशाचा उगम जितका लहान दिसतो तितकी सावली कडक.

हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या शेतात हे पडताळून पाहता येईल. पानावर मावा पडला असेल तिथे ढालकिडा शोधा. त्याची चकचकीत पाठ म्हणजे आरसाच. उघड्या उन्हात तिच्यावर एक जळालेला पांढरा ठिपका दिसतो. उघडा फ्लॅश मारलात तरी असाच ठिपका येतो, फक्त जागा बदलते. आता ऊन आणि किडा यांच्यामध्ये, किड्यापासून वीतभर अंतरावर बटर पेपर धरा. किड्यापुरता आता तो कागदच सूर्य झाला. ठिपका पसरून फिकट होतो आणि त्याच्याखालचा लाल रंग वर येतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवलात की पोटाखालचे पायही दिसतात. कागद मात्र बाजूने, सावकाश आणा. सावली अंगावरून झपकन सरकली की किडा गेलाच.

पण माझा आग्रह खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखच नव्हता: बॅकग्राउंड. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा प्रकाश चौथाईवर येतो. फ्लॅश किड्यापासून २० सेंटीमीटरवर आणि मागचं गवत फ्लॅशपासून १२० सेंटीमीटरवर असेल, तर गवताला छत्तिसावा हिस्सा मिळतो. शटर वेगवान असेल तर मागे सगळं काळं. भर दिवसा उडणारं फुलपाखरू मध्यरात्री बसल्यासारखं दिसतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान लोकांना माळढोकामुळे माहीत आहे. तिथलं दिवाळीनंतर पिवळं पडत जाणारं गवत, त्यातून तिरपं येणारं सकाळचं ऊन, हे त्या फुलपाखराचं घर आहे. ते फोटोतून पुसलं तर फुलपाखरू कुठलंही होऊन जातं. मला ते सोलापूरचं दिसायला हवं.

मागून येणाऱ्या प्रकाशाचंही तसंच. चतुराच्या पंखातल्या शिरा आणि मृगाच्या मखमली किड्याच्या कडेची लव सूर्य समोर असताना उजळते. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून पडतो आणि नेमकं तेच सपाट करतो. पावसाळ्यात तर ढग स्वतःच डिफ्युझर असतात. तेव्हा उलट एका बाजूला काळा कागद धरून थोडी सावली आणावी लागते.

फ्लॅशला माझा सरसकट विरोध नाही. रात्रीचे पतंग, दाट झुडपाच्या आतले कोळी, सतत हलणारी मुंगी, इथे फ्लॅशच हवा. कमी पॉवरवर तो इतका क्षणिक असतो की हालचाल जागीच थांबते. दिवसा शटर मंद ठेवून उन्हात थोडा फ्लॅश मिसळणाऱ्यांशीही माझं भांडण नाही, कारण त्यांनी आधी ऊन मोजलेलं असतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं रुईवरचं फुलपाखरू तांत्रिकदृष्ट्या चोख आहे. त्याच झुडपापाशी सकाळी नऊच्या सुमारास फ्लॅश बंद करून जा, बटर पेपर न्या, आणि एफ/८ वर काढलेला फोटो इथेच खाली टाका. दोन्ही शेजारी ठेवून बोलू.