स्पॅमर शब्द लपवतो, शिक्षा मराठी मेलला

सब्जेक्टमध्ये ‘इन्व्हॉइस’ हा इंग्रजी शब्द दिसला की मेल स्पॅममध्ये टाका, एवढा नियम लिहून हात झटकणाऱ्यांची चीड येते. त्या शब्दातला ‘ओ’ लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या लिपीतला आहे की सिरिलिक, म्हणजे रशियनच्या लिपीतला, हे बघितलंत? युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात एकाचा क्रमांक ००६एफ, दुसऱ्याचा ०४३ई. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण तुमच्या नियमाच्या लेखी शब्दच बदलला. एनएफकेसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची रीत, लावूनही सिरिलिक अक्षर तसंच राहतं. त्यासाठी युनिकोडच्या तांत्रिक मानक ३९ मधला सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा तक्ता वापरावा लागतो.

त्यात सब्जेक्ट एनकोड केलेला, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात लिहिलेला. आरएफसी २०४७ या मेलच्या मानकाप्रमाणे एका तुकड्यात जास्तीत जास्त ७५ अक्षरं, आणि शेजारच्या दोन तुकड्यांमधली मोकळी जागा दाखवताना गळून जाते. स्पॅमर नेमका तिथेच शब्द तोडतो. कच्च्या, म्हणजे डीकोड न केलेल्या हेडरवर (सब्जेक्टसारख्या मेलच्या माहितीच्या ओळींवर) बेस६४ या एनकोडिंगची अक्षरं शोधणं तर निव्वळ मूर्खपणा: ३ बाइटची ४ अक्षरं होतात, त्यामुळे तोच शब्द जागा सरकली की तीन वेगवेगळ्या रूपांत येतो.

मग कुणी तरी ‘एनकोड केलेला सब्जेक्ट म्हणजे संशयित’ असा नियम ठोकतो. अरे, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइटचं! साध्या मेलच्या हेडरमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं चालतात, मग मराठी सब्जेक्ट एनकोड केल्याशिवाय जाणार कसा? सोसायटीच्या सभेची सूचना स्पॅममध्ये सडते ती या आळसामुळे.

दुसरा अत्याचार ‘अदृश्य अक्षरं सरसकट पुसा’ हा. २००बी, म्हणजे शून्य रुंदीची जागा, आणि सॉफ्ट हायफन, म्हणजे ००एडी, खुशाल पुसा. पण २००डी हा अदृश्य जोडक पुसलात तर ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं. २००सी (अदृश्य विभाजक) आणि २००डी यांच्या आधी हलन्त, म्हणजे ०९४डी, असेल तर त्यांना हात लावायचा नाही. एवढी एक अट लिहायला काय जातं?

क्रम पाळा. आधी सगळे तुकडे डीकोड करून जोडा, मग त्याची वेगळी प्रत करून तिच्यावर पुसापुशी करा, तक्ता लावा आणि शेवटी शब्द शोधा. मूळ सब्जेक्ट बदलून मेल पुढे पाठवलात तर डीकेआयएमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही मोडते, कारण सब्जेक्ट बहुतेक वेळा त्या सहीत असतो.

एकाच शब्दात लॅटिन आणि सिरिलिक मिसळलेलं दिसलं तर मेलचे स्पॅमचे गुण वाढवा. लॅटिन आणि देवनागरी मिसळलेलं दिसलं तर नाही. इंग्रजी शब्दाला ‘चा’, ‘ची’, ‘मध्ये’ चिकटवणं ही आपली रोजची लिहिण्याची रीत आहे. उत्तराचं खोटं ‘री:’ लावलेल्या मेलमध्ये ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ ही मूळ मेलकडे बोट दाखवणारी दोन्ही हेडर नसतील तर थोडेच गुण द्या, कारण काही साधे मेल प्रोग्रॅमही ती गाळतात. स्पॅमअ‍ॅसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रॅमची मूळ मर्यादा ५ गुणांची आहे; तेवढे झाले की मेल स्पॅम. एकट्या नियमाला पाचच्या पाच देऊन टाकू नका.