‘खुल्या कोडवर लष्करी सिम्युलेशन चालत नाही’ या दाव्याला उत्तर

नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या आणि अंबड-सातपूरच्या छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लष्करी सिम्युलेटर एकमेकांना जोडणारं मिडलवेअर ओपन सोर्स असूच शकत नाही. कुठलंही सैन्य त्याला हात लावत नाही. कोड उघडा असल्याने शत्रूला वाट मोकळी होते, रिअल-टाइम म्हणजे ठरल्या वेळेत निरोप पोचवणं जमत नाही, ते इतरांशी जुळत नाही आणि बिघडलं तर दाद मागायला कुणी नसतं. शेवटी सल्ला आहे की मुलांनी यात वेळ घालवू नये.

देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, ओझरला एचएएल, नाशिकच्याच गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र, आणि सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचा आराखडा संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्येच जाहीर केलेला. अशा शहरातल्या मुलांना हा सल्ला मिळावा याचा मला राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सैन्यं हात लावत नाहीत, हे धादांत खोटं आहे. सिम्युलेटरमधल्या निरोपांच्या डीआयएस या मानकाची ‘ओपन-डीआयएस’ ही खुली लायब्ररी अमेरिकी नौदलाच्या मॉन्टेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमधून आली. सिम्युलेटर एकमेकांना जोडणारं ‘सर्टी’ हे सॉफ्टवेअर फ्रान्सच्या ओनेरा या एरोस्पेस संशोधन संस्थेने लिहिलं आणि खुलं केलं. डीडीएस हे यंत्रांमध्ये माहिती वाटून देणाऱ्या मिडलवेअरचं मानक; त्यावरच्या ‘सायक्लोन डीडीएस’ या खुल्या उत्पादनाचा वंश थेट डच युद्धनौकांच्या लढाई-नियंत्रण यंत्रणेपर्यंत जातो. अमेरिकी संरक्षण खात्याने २००९ मध्येच लेखी स्पष्ट केलं की ओपन सोर्स हेही व्यावसायिक सॉफ्टवेअरच धरायचं. आपल्याकडे केंद्र सरकारचं ओपन सोर्स धोरण २०१५ चं आहे, आणि २०२३ मध्ये आपल्याच संरक्षण मंत्रालयाने संगणकांसाठी निवडलेली ‘माया’ ही प्रणाली उबुंटू या खुल्या लिनक्स प्रणालीवर उभी आहे.

आता सुरक्षेचा मुद्दा. तो गंभीर आहे, म्हणून नीट बघू. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने डीडीएस मिडलवेअरमधल्या त्रुटींबद्दल इशारा दिला. त्या यादीत सायक्लोन, फास्ट डीडीएस आणि ओपनडीडीएस ही खुली उत्पादनं होती, तशीच कनेक्स्ट, कोअरडीएक्स आणि गुरुमडीडीएस ही बंद, म्हणजे कोड झाकलेली, उत्पादनंही होती. कोड झाकलेला असल्याने कुणी बचावलं नाही. हल्ला करणाऱ्याला कोड लागतच नाही. माहितीची वेडीवाकडी पाकिटं पाठवत राहायची आणि प्रोग्राम कुठे कोसळतो ते बघायचं, एवढं पुरतं.

खरं संरक्षण दुसरीकडे असतं. डीडीएस सिक्युरिटी या मानकात सहभागी यंत्रांची प्रमाणपत्रं तपासणं, कुणी काय वाचावं-लिहावं याचे परवाने आणि एन्क्रिप्शन हे सगळं आहे, पण ते आपण चालू करावं लागतं. कुलूप कंपनीच्या नावाने आपोआप लागत नाही. एन्क्रिप्शनचं एईएस हे सूत्रही २००१ पासून जगजाहीर आहे, तरी अमेरिका अतिगोपनीय माहितीसाठी तेच वापरते. शिवाय सिम्युलेशनमध्ये गुपित असतं ते तोफेच्या माऱ्याच्या तक्त्यांत, रडारच्या मॉडेलमध्ये, सरावाच्या डावपेचांत. निरोप पोचवणाऱ्या थरात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

रिअल-टाइमबद्दल आकडेच बोलू द्या. डीआयएसच्या शिफारशीप्रमाणे घट्ट जोडलेल्या हालचालींसाठी एकूण उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत हवा, सैल जोडणीसाठी ३०० चालतो. साध्या गिगाबिट लॅनवर लहान पाकीट एका मिलिसेकंदाच्या आत पोचतं. वाहनाची जागा सतत पाठवावीही लागत नाही. समोरचा संगणक वेगावरून अंदाज बांधत राहतो. नेहमीच्या मांडणीत खरी जागा त्या अंदाजापेक्षा १ मीटरने किंवा रोख ३ अंशांनी हुकला की नवा निरोप जातो, नाहीतर ५ सेकंदांनी एक.

खरी अडचण वेगळीच आहे. तोफखान्याचाच सराव घ्या. निरीक्षक मारा मागतो, तोफ गोळा सोडते, लांबच्या माऱ्यात तो मिनिटभर हवेत असतो, मग फुटतो. जागेचा एखादा निरोप हरवला तर पुढचा येतोच. पण स्फोटाचा निरोप एकदाच निघतो, आणि पोच न घेता पाकिटं पाठवणाऱ्या यूडीपी या पद्धतीत तो हरवला तर निरीक्षकाच्या पडद्यावर गोळा पडतच नाही. डीडीएसमध्ये निरोपांच्या प्रत्येक विषयाला वेगळा नियम लावता येतो: जागा हरवली तरी चालेल, स्फोट मात्र पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवायचा. डेडलाइनचा नियमही असतो. तो निरोप वेळेत आणत नाही, चुकला की कळवतो. हे सगळं खुल्या उत्पादनांत आहे. ऑपरेटिंग सिस्टिमकडून होणाऱ्या उशिराचा प्रश्न रास्त आहे, पण लिनक्सचा रिअल-टाइम भाग २०२४ मध्ये मुख्य कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आला.

‘जुळत नाही’ हा आरोप तर उलटा लावलाय. एचएलए या लष्करी सिम्युलेशनच्या मानकात प्रोग्रामला दिसणारे आदेश ठरलेले आहेत, पण सिम्युलेटर जोडणाऱ्या मिडलवेअरच्या, म्हणजे आरटीआयच्या, आतल्या पाकिटांची रचना ठरलेली नाही. म्हणून दोन कंपन्यांचे आरटीआय एका सरावात थेट बोलू शकत नाहीत. सगळ्यांनी एकच घ्यायचा किंवा मध्ये पूल बांधायचा. डीडीएसची तारेवरची भाषा मात्र मानकात लिहिलेली आहे, त्यामुळे खुलं आणि बंद उत्पादन एकाच जाळ्यात बसतं. घासाघीस करावी लागते, पण बसतं.

दाद कुणाकडे मागायची? ओपनडीडीएस, फास्ट डीडीएस यांचा सशुल्क सपोर्ट मिळतो. प्रकल्प थांबू शकतो हे खरं. ओपनस्प्लाइसची खुली आवृत्ती तशीच थांबली. पण कोड हातात राहिला आणि त्याच घराण्यातलं सायक्लोन पुढे चालू आहे. प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानात बसवायचं असेल तर विमान-सुरक्षेच्या प्रमाणपत्राची कागदपत्रं लागतात, तिथे बंद उत्पादन निवडणं योग्य ठरू शकतं. वर्गातला सिम्युलेटर उडत नाही.

राहिला मुलांना दिलेला सल्ला. दोन जुने लॅपटॉप आणि एक स्विच घ्या. एकावर निरीक्षक, दुसऱ्यावर तोफ. जाळ्यातली पाकिटं पकडून दाखवणारा वायरशार्क हा प्रोग्राम डीआयएसची आणि डीडीएसचीही पाकिटं उलगडून दाखवतो. सराव चालू असताना केबल काढा, डेडलाइन चुकल्याची सूचना किती वेळात येते ते मोजा, केबल परत लावा आणि स्फोटाचे राहिलेले निरोप येतात का बघा. बंद उत्पादनाच्या चाचणी-परवान्यावर एवढं जमेलही. पण रांग कुठे तुंबली, पाकीट कुठल्या ओळीवर टाकून दिलं, हे कोडमध्ये शिरून तिथे बघता येणार नाही.